मुखपृष्ठावर काय काढायचं नाही

कादंबरी वाचून संपते, पुस्तक मिटलं जातं आणि नजर पुन्हा मुखपृष्ठावर जाते. आठवडाभर तेच पुस्तक उशाशी होतं. चित्र तेच, रंग तेच. तरीही आता ते वेगळं दिसतं. पहिल्या दिवशी नुसती नक्षी वाटलेली रेघ आता कुणाच्या तरी घराचा उंबरठा वाटते, आणि कोपऱ्यातला हिरवा ठिपका चित्रकाराने उगाच टाकलेला नाही हे ध्यानात येतं. हा अनुभव बहुतेक वाचकांना कधी ना कधी आलेला असतो. चित्रातली एक रेघही हललेली नसताना त्याचा अर्थ कसा काय बदलतो?

आजीने घातलेलं कोडं आठवून पाहावं. उत्तर माहीत नसतं तोवर कोड्यातले शब्द विचित्र, पण मोहात पाडणारे असतात. उत्तर कळलं की प्रत्येक शब्द आपापल्या जागी नेमका बसतो. कादंबरीचं चांगलं मुखपृष्ठ याच रीतीने दोनदा पाहण्यासाठी केलेलं असतं. दुकानात ते कुतूहल जागवतं, आणि वाचून झाल्यावर कादंबरीचा गाभा दाखवतं. ही दोन्ही कामं एकाच चित्राकडून करून घ्यायची, तर चित्रकाराला सगळ्यांत जास्त विचार करावा लागतो तो काय काढायचं नाही याचा. गेल्या दीडशे वर्षांतली काही गाजलेली मुखपृष्ठं जवळून पाहिली, की ही युक्ती कशी चालते ते उलगडत जातं.

आधी नुसतं वेष्टन होतं

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पुस्तक विकत घेतलं की ते साध्या पुठ्ठ्यात मिळायचं. चामड्याची बांधणी ज्याची त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करून घ्यायची. १८२० च्या दशकात प्रकाशकच कापडी बांधणी करून पुस्तकं विकू लागले. कापड किंवा रेशीम मळू नये म्हणून त्यावर कागद आला. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात ‘फ्रेंडशिप्स ऑफरिंग’ या वार्षिकाचं १८२९ सालचं असं वेष्टन जपलेलं आहे. पार्सल बांधावं तसं ते पुस्तकाच्या चारही बाजूंनी गुंडाळून लाखेने बंद केलेलं होतं. पुस्तक उघडायचं तर वेष्टन फोडणं भागच होतं. ते जपून ठेवावं असं कुणाला वाटायचं काही कारणच नव्हतं.

चित्र आलं ते दुसऱ्या वाटेने. चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्या दर महिन्याला एकेका हप्त्याने, पातळ कागदी कव्हरात निघत. सगळ्या हप्त्यांना कव्हर एकच, त्यामुळे ते कादंबरी लिहून होण्याआधी तयार करावं लागे. १८७० च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’चं कव्हर डिकन्सचा जावई चार्ल्स कॉलिन्स याने काढलं. एडविन ड्रूड हा तरुण एका रात्री नाहीसा होतो आणि संशयाची सुई त्याच्या मामाकडे, चर्चमध्ये गायकवृंद चालवणाऱ्या अफूबाज जॉन जॅस्परकडे वळते, अशी ही गोष्ट. बारा हप्त्यांपैकी सहाच लिहून झाले होते, तेव्हा ९ जून १८७० रोजी डिकन्सचं निधन झालं.

रहस्य उलगडायचं राहूनच गेलं. मागे उरलं ते कव्हर. त्याच्या खालच्या कोपऱ्यांत अफू ओढणारी माणसं आहेत, आणि तळाशी मध्यभागी हातात कंदील घेतलेला एक माणूस अंधारात शिरतो आहे. समोर कुणीतरी उभं आहे. तो जिवंत परतलेला ड्रूड आहे, की जॅस्परला पकडायला आलेला वेषांतर केलेला माणूस? शंभरावर वर्षं अभ्यासक या चित्राचा कीस काढत आले आहेत. मुखपृष्ठाला कादंबरीपेक्षा जास्त माहीत असावं, अशी ही विरळा घटना.

याच सुमारास इंग्लंडच्या रेल्वे स्टेशनांवर पिवळ्या पुठ्ठ्याच्या स्वस्त कादंबऱ्यांचा सुकाळ झाला. गाडी पकडायच्या घाईतला प्रवासी स्टॉलसमोर दोन मिनिटं थांबणार, त्याने लांबूनच पुस्तक हेरावं हा हेतू. एडमंड इव्हान्स या मुद्रकाने लवकर मळणाऱ्या पांढऱ्या कागदाऐवजी चकचकीत पिवळा कागद वापरायला सुरुवात केली आणि त्यावर लाकडी ठशांनी भडक रंगांत चित्रं छापली. चित्रात बहुधा कथेतला सगळ्यांत खळबळजनक प्रसंग असे. पुस्तक खपायचं, पण वाचून झाल्यावर त्या चित्रात पाहण्यासारखं नवं काही उरत नसे. जे सांगायचं ते त्याने स्टॉलवरच सांगून टाकलेलं असायचं.

एक रंग, एक ब्लॉक

जुनी मुखपृष्ठं इतकी ठसठशीत का दिसतात, याचं निम्मं उत्तर छापखान्यात आहे.

रेघांचं चित्र छापायचं तर त्याचा ‘लाइन ब्लॉक’ करावा लागे. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे रेघ नाही तिथलं जस्त आम्ल खाऊन टाकतं, रेघा तेवढ्या उंच उभ्या राहतात. त्या उंच भागावर शाई फिरवून कागद दाबला की चित्र उमटतं. असा एक ब्लॉक एकच रंग देतो. दुसरा रंग हवा तर दुसरा ब्लॉक, आणि तोच कागद पुन्हा एकदा यंत्रातून काढायचा. दुसऱ्या खेपेला कागद केसभर सरकला तर ओठांचा लाल रंग गालावर जातो. प्रत्येक वाढीव रंगामागे ब्लॉकचा खर्च, मजुरी आणि वेळ वाढत असे. मराठी छापखान्यांतही ऑफसेट छपाई सर्रास होईपर्यंत ‘ब्लॉक करून आणणं’ हा रोजचा शब्दप्रयोग होता.

त्यामुळे चित्रकाराच्या वाट्याला बहुधा दोन, फार तर तीन सपाट रंग येत. कागदाचा मूळ रंग हा फुकटात मिळालेला आणखी एक रंग. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा मिळे, तीही काटकसरच. सावल्यांचे नाजूक चढउतार, चेहऱ्यावरचे बारीक भाव, गर्दीचे प्रसंग हे सगळं अशा छपाईत नीट उतरत नसे.

या अडचणीनेच विषयाकडे जायची वाट दाखवली. प्रसंग रंगवता येत नसेल तर आकार शोधावा लागतो. दहा गोष्टी दाखवता येत नसतील तर एकीवर बोट ठेवावं लागतं. दोनच रंग मिळणार असतील तर या कादंबरीचे दोन रंग कोणते, हा प्रश्न चित्रकाराला स्वतःला विचारावा लागतो. आणि या प्रश्नाचं उत्तर कथानकात सापडत नाही, ते कादंबरीच्या आशयातच शोधावं लागतं.

काफ्काचं अर्धवट उघडं दार

ऑक्टोबर १९१५. प्रागमधल्या एका विमा संस्थेत नोकरी करणारा ३२ वर्षांचा फ्रांझ काफ्का लाइपझिगच्या आपल्या प्रकाशकाला, कुर्ट वोल्फच्या संस्थेला, काळजीने पत्र लिहितो. त्याची ‘मेटामॉर्फसिस’ ही दीर्घकथा पुस्तकरूपाने यायची आहे आणि मुखपृष्ठ ओटोमार श्टार्के काढणार असल्याचं त्याला कळलं आहे. फिरतीची नोकरी करणारा ग्रेगोर साम्सा एका सकाळी जागा होतो तो किडा होऊनच, अशी या कथेची सुरुवात. चित्रकाराला पहिला मोह किडा काढायचाच होणार. काफ्काची विनवणी एवढीच, की किडा काढू नका, अगदी दुरूनही दाखवू नका.

मग काय काढावं? तेही त्याने सुचवलं. आईवडील आणि कार्यालयातला मोठा कारकून बंद दारासमोर उभे आहेत, असं काहीतरी. त्याहून बरं म्हणजे दिव्याच्या उजेडातल्या खोलीत आईवडील आणि बहीण, आणि शेजारच्या मिट्ट काळोख्या खोलीचं दार उघडं.

श्टार्केने काढलेलं चित्र या दोन्हींहून वेगळं, पण त्याच दिशेचं आहे. घरात घालायचा लांब झगा अंगावर असलेला एक माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून आपल्या दिशेने चालत येतो आहे. त्याच्या मागे दोन फळ्यांचं दार आहे, एक फळी उघडी. आत काय आहे? काहीच दिसत नाही. तिथे नुसती काळी शाई आहे.

कथा न वाचलेल्याला ही एखादी गुन्हेगारी गोष्ट वाटेल: आत प्रेत असेल, माणूस घाबरला असेल. कथा वाचल्यावर दार बोलू लागतं. ग्रेगोरची सगळी शोकांतिका दारांभोवतीच घडते. पहिल्या सकाळी कारकून दाराबाहेर थांबतो आणि ग्रेगोर जबड्याने किल्ली फिरवतो. पुढे संध्याकाळी घरचे लोक त्याच्या खोलीचं दार थोडा वेळ उघडं ठेवतात, म्हणजे काळोखात बसून त्याला उजेडातलं आपलं घर पाहता यावं. ते दार हळूहळू बंद होत जातं. तोंड झाकलेला माणूस कोण, याचंही एक उत्तर नाही. वडील म्हणावेत तर तो तरुण दिसतो. मग तो ग्रेगोर आहे का, स्वतःच्याच खोलीतून पळ काढणारा?

किडा काढला असता तर कथा ‘माणसाचा किडा कसा झाला’ एवढीच उरली असती. किडा न काढल्यामुळे चित्र घरातल्या लाजेबद्दल, आपल्याच माणसाकडे पाहायची हिंमत नसण्याबद्दल बोलतं. पुढच्या काळात अनेक प्रकाशकांनी या पुस्तकावर झुरळं आणि भुंगे काढले. पण त्यांतलं कुठलंही चित्र या काळ्या फटीइतकं कथेच्या आत शिरत नाही.

नाक नसलेला चेहरा

एफ. स्कॉट फिट्झेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्सने प्रसिद्ध केली. मुखपृष्ठ स्पेनमध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस कुगाटचं. या कामाचे त्याला १०० डॉलर मिळाले. आज ते अमेरिकेतल्या सर्वांत ओळखीच्या मुखपृष्ठांपैकी एक आहे आणि मूळ रंगचित्र प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

ते जरा निवांतपणे पाहू. जवळजवळ सगळा पृष्ठभाग गडद निळ्या रात्रीने भरलेला. त्या आभाळात एका स्त्रीचे दोन डोळे आणि लाल ओठ तरंगताहेत. नाक नाही, चेहऱ्याची कडाही नाही. एका डोळ्यातून हिरवट अश्रू ओघळतो आहे. खाली, अगदी तळाशी, एखाद्या जत्रेत पेटाव्यात तशा दिव्यांच्या झगमगाटाचा स्फोट. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं की मगच दिसतं, की दोन्ही बुबुळांत आडव्या पहुडलेल्या विवस्त्र स्त्रीच्या आकृती आहेत.

आता कथा. गरिबीतून वर आलेला जे गॅट्सबी लाँग आयलंडवर महाल विकत घेतो आणि दर आठवड्याला जंगी मेजवान्या देतो. कशासाठी? तर एकेकाळी जिच्यावर प्रेम केलं आणि जी दुसऱ्याची बायको झाली, त्या डेझीने एकदा तरी आपल्या दारी यावं म्हणून. खाडीपलीकडे तिच्या धक्क्यावर एक हिरवा दिवा लुकलुकतो, त्याच्याकडे तो रात्री हात पसरून पाहत राहतो. त्याचं प्रेम हाडामांसाच्या डेझीवर कमी आणि मनात घडवलेल्या प्रतिमेवर अधिक आहे, हे कळायला वाचकाला बराच वेळ लागतो. मुखपृष्ठाने ते आधीच सांगितलेलं असतं. कडा नसलेला, आभाळाएवढा मोठा झालेला, कुणालाही स्पर्श न करता येणारा तो चेहरा म्हणजे बाई नव्हेच, ते गॅट्सबीचं स्वप्न आहे. कुगाटने नाक आणि हनुवटी काढली असती तर ते एका सुंदर स्त्रीचं व्यक्तिचित्र झालं असतं.

या चित्राची आणखी एक नवलाची गोष्ट. कुगाटचं काम कादंबरी पुरी होण्याआधीच सुरू झालं होतं. १९२४ मध्ये फिट्झेराल्डने आपले संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांना पत्रातून कळवलं, की माझ्यासाठी राखलेलं ते जॅकेट, म्हणजे चित्राचं वेष्टन, दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी ते पुस्तकात लिहून टाकलं आहे. नेमकं काय लिहिलं, यावर आजही वाद आहे. कादंबरीत राखेच्या माळरानावर डॉक्टर एकलबर्ग या डोळ्यांच्या वैद्याची जुनी पाटी आहे: चष्म्यामागून रोखून पाहणारे दोन अवाढव्य डोळे, चेहरा नाहीच. कुगाटची प्राथमिक रेखाटनं पुढे सापडली. त्यांत उजाड प्रदेशावरच्या आभाळात तरंगणारे डोळे आहेत. त्यामुळे फिट्झेराल्डने पाहिलं ते अंतिम चित्र नसून असं एखादं रेखाटन असावं, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. तो खरा असेल, तर या कादंबरीचं सर्वांत लक्षात राहणारं प्रतीक मुखपृष्ठाकडून मजकुरात आलं असं म्हणावं लागेल.

सगळ्यांनाच ते रुचलं असं नाही. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या मरणोत्तर, १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने हे जॅकेट भडक वाटल्याचं आणि ते काढून ठेवूनच पुस्तक वाचल्याचं लिहिलं आहे.

खोली आहे, माणूस नाही

लंडनजवळ रिचमंडमध्ये १९१७ साली लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ या दांपत्याने घरातच छापखाना घालून हॉगार्थ प्रेस सुरू केली. व्हर्जिनियाच्या पुस्तकांची मुखपृष्ठं तिची थोरली बहीण, चित्रकार व्हनेसा बेल, करू लागली. १९२२ च्या ‘जेकब्ज रूम’साठी व्हनेसाने काढलं ते असं: दोन बाजूंना सारलेले पडदे, मध्ये टेबल, त्यावर फुलांचं भांडं. काळा आणि दालचिनी, असे दोनच रंग. पुस्तकविक्रेत्यांनी या चित्राला नावं ठेवली. यात ना देखणी बाई, ना जेकब, ना धड त्याची खोली, अशी त्यांची तक्रार होती, हे लेनर्डने आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

पण जेकब कुणाला दिसतो? कादंबरीभर तो इतरांच्या नजरेतून, तुकड्यातुकड्यांनी भेटतो: आईला दिसलेला, मित्रांना दिसलेला, रस्त्यातून जाताना कुणाच्या तरी नजरेला पडलेला. शेवटी तो महायुद्धात मरतो आणि मागे उरते त्याची पसारा पडलेली खोली. नायकाला न दाखवणारी कादंबरी, आणि नायकाला न दाखवणारं मुखपृष्ठ. पडदे बाजूला सारलेत, फुलं मांडलीत, कुणीतरी यायला हवं होतं आणि आलेलं नाही, ही पोकळी व्हनेसाच्या मोकळ्या हाताच्या रेघांत आहे.

१९२७ च्या ‘टु द लाइटहाउस’वर दीपगृह आहे, पण समुद्रावर नजरेस पडतं तसं नाही. फिकट निळा आणि काळा, एवढ्याच रंगांत उभा खांब, त्याभोवती लाटांचे आणि प्रकाशाचे फटकारे. कादंबरीत दीपगृहाकडे जायचा बेत ठरतो आणि सफर घडते ती दहा वर्षांनी, मधल्या काळात घरातली माणसं दगावल्यावर. त्या घरातल्या लहानग्या जेम्सला ते दीपगृह एक दिसतं, मोठ्या झालेल्या जेम्सला वेगळंच. व्हनेसाने बारकावे गाळल्यामुळे तिच्या चित्रात दोन्ही मावतात.

व्हनेसा बऱ्याचदा पुस्तक पुरतं वाचण्याआधीच मुखपृष्ठ करायची, बहिणीशी झालेलं बोलणं तिला पुरे व्हायचं. यातून एक गोष्ट कळते. कथानकाचे तपशील मुखपृष्ठासाठी कधी कधी अडचणच ठरतात. कादंबरीचा सूर कळला असला की पुरे.

रंगाने ओळख, चित्राने भांडण

३० जुलै १९३५ रोजी ॲलन लेनच्या पेंग्विनने सहा पेन्सना एक अशी पहिली दहा पुस्तकं बाजारात आणली. एडवर्ड यंग या २१ वर्षांच्या तरुणाने मुखपृष्ठाचे तीन आडवे पट्टे पाडले: वर आणि खाली रंग, मध्ये पांढऱ्यावर नाव. कादंबरीला नारिंगी, गुन्हेकथेला हिरवा, चरित्राला गडद निळा. हेमिंग्वेची युद्धकथा असो की आणखी कुणाची प्रेमकथा, रंग नारिंगीच. या मुखपृष्ठाला एकेका कादंबरीच्या आशयाबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. पुस्तक कुठल्या जातीचं आहे आणि ते भरवशाचं आहे, एवढं सांगितलं की त्याचं काम झालं.

अमेरिकेतल्या स्वस्त पेपरबॅकची रीत उलटी होती. औषधांच्या दुकानांत आणि बस स्टेशनांवर तारेच्या मांडण्यांवर पुस्तकं समोरून मांडलेली असत, आणि गिऱ्हाइकाचं लक्ष दोन क्षणांत वेधायचं असे. आशय आणि विक्री यांच्या ओढाताणीत काय होतं, याचा ठळक दाखला म्हणजे जे. डी. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’. १९५१ च्या पहिल्या आवृत्तीवर लेखकाचा मित्र मायकेल मिचेल याने काढलेला लाल, उसळलेला, चक्रीतला लाकडी घोडा आहे. शाळेतून काढून टाकलेला होल्डन न्यूयॉर्कमध्ये भटकत राहतो, आणि शेवटी पावसात भिजत आपल्या धाकट्या बहिणीला अशाच चक्रीत गोल गोल फिरताना पाहतो. बालपण धरून ठेवता येत नाही, हे त्याला तिथे उमगतं. वाचण्याआधी घोडा म्हणजे निव्वळ जोश. वाचल्यावर त्याच्या अंगातून आरपार गेलेला दांडा आधी दिसतो: हा घोडा कितीही उसळला तरी तिथेच फिरणार.

१९५३ च्या पेपरबॅकसाठी जेम्स अव्हाटीने हा घोडा हटवून होल्डनलाच उभं केलं: डोक्यावर लाल टोपी, हातात बॅग, समोर शहरातली रंगेल रात्र. चित्रकार कसलेला, चित्र सफाईदार. पण सॅलिंजरला ते मुळीच पटलं नाही. प्रत्येक वाचकाच्या मनातल्या होल्डनवर आता एकच चेहरा चिकटणार होता, आणि कादंबरी रात्रीच्या शहरातल्या चैनीची वाटणार होती. पुढे प्रकाशक बदलला, तेव्हा १९६४ च्या पेपरबॅकवर तपकिरी लाल पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं एवढंच आलं. ना चित्र, ना स्तुतीचा मजकूर.

म्हणजे पेपरबॅकवर आशय उतरतच नाही असं नाही. अँथनी बर्जेसच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९६२) या कादंबरीचं १९७२ मधलं पेंग्विनचं मुखपृष्ठ पाहावं. बाहेरच्या चित्रकाराकडून आलेलं काम वेळेत आणि मनासारखं आलं नाही, म्हणून कलासंचालक डेव्हिड पेलहॅम यांनी एका रात्रीत स्वतःच चित्र केलं. काळी बोलर हॅट, नाकतोंड नसलेला सपाट चेहरा, आणि एका डोळ्याच्या जागी दातेरी चाक. हिंसक ॲलेक्सला सरकार यंत्रासारखं ‘दुरुस्त’ करतं, वाईट निवडायची क्षमताच काढून घेतं, तेव्हा तो माणूस उरतो का, हा कादंबरीचा प्रश्न. त्या चाकात माणूस आणि यंत्र एकत्र आले हे पहिल्या नजरेतच कळतं. चाक डोळ्याच्याच जागी का, हे मात्र वाचल्यावर कळतं: ॲलेक्सवर उपचार होतात ते त्याचे डोळे सक्तीने उघडे ठेवून त्याला चित्रपट दाखवत.

मलपृष्ठालाही अर्थ असतो

पुस्तक ही वस्तू आहे, तिला पुढची बाजू आहे, मागची आहे आणि मधे जाडी आहे. याचा उपयोग सत्यजित राय यांनी कसा केला ते पाहण्यासारखं आहे. सिनेमाकडे वळण्याआधी ते कोलकात्यात जाहिरात संस्थेत नोकरी करत आणि डी. के. गुप्ता यांच्या सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठं करत. जिम कॉर्बेटच्या कुमाऊँमधल्या नरभक्षक वाघांवरच्या पुस्तकाचा बंगाली अनुवाद त्यांच्याकडे आला. ती कादंबरी नव्हे, शिकारीच्या आठवणी. रायबाबूंनी वाघ काढलाच नाही. सबंध कव्हर म्हणजे वाघाचं पट्टेरी कातडं केलं. पुढे गोळी आत शिरल्याचं छिद्र, मागे तीच गोळी बाहेर पडल्याचं छिद्र, आणि प्रत्यक्षात होतं तसं मागचं छिद्र मोठं. पुस्तकाच्या पानांतून गोळी आरपार गेली आहे, आणि वाचक त्याच वाटेने जाणार आहे.

मराठीत विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत मुखपृष्ठ म्हटलं की दोन नावं आधी येत: दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही मूळचे गोव्याचे, दोघांनीही कादंबऱ्या आणि दिवाळी अंकांची असंख्य मुखपृष्ठं केली. शिवाजी सावंतांच्या कर्णावरच्या ‘मृत्युंजय’चं (१९६७) मुखपृष्ठ दलालांचं. अशा पौराणिक कादंबरीपुढे चित्रकाराची अडचण निराळी असते. कर्णाचं पुढे काय होतं हे मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं, म्हणजे कथा लपवून कुतूहल वाढवता येत नाही. मग निवड करायची ती कर्णाच्या रूपांतून: सूतपुत्र, सूर्यपुत्र, दानशूर की शापित? वाचकाच्या मनात आधीच असलेल्या दहा कर्णांतून या लेखकाचा कर्ण वेगळा काढून दाखवणं, हे तिथे मुखपृष्ठाचं काम होतं.

चौकट : जुनं मुखपृष्ठ कसं पाहावं

• वाचण्याआधी एकदा नीट पाहावं आणि काय वाटलं ते ध्यानात ठेवावं. वाचून झाल्यावर पुन्हा पाहावं. दोन्ही वेळा सारखंच दिसलं, तर चित्र बहुधा प्रसंगापुरतंच थांबलं आहे.

• काय गाळलं आहे ते शोधावं: नायक, चेहरा, घटनेचं ठिकाण. कादंबरीचा गाभा बरेचदा या गाळलेल्या जागी सापडतो.

• रंग मोजावेत. दोनतीनच असतील तर प्रत्येकाला कथेत काही काम आहे का ते पाहावं.

• चित्र प्रसंगाचं आहे, प्रतीकाचं आहे, की नुसत्या सुराचं? श्टार्केचं दार आणि कुगाटचा चेहरा प्रतीकं आहेत, बेलची फुलं सूर आहेत.

• पुस्तक उलटून मलपृष्ठ आणि कणाही पाहावा.

वेष्टनं गेली कुठे

‘गॅट्सबी’च्या पहिल्या छपाईत २०,८७० प्रती निघाल्या. जॅकेट पुस्तकापेक्षा किंचित उंच कापलं गेलं होतं, त्यामुळे त्याच्या कडा लवकर फाटत. शिवाय मागच्या मजकुरात गॅट्सबीच्या नावाचं पहिलं अक्षर चुकून लहान छापलं गेलं, ते प्रतींवर हाताने दुरुस्त करण्यात आलं. बहुतेक घरांत ही जॅकेटं फेकली गेली. आज पहिल्या छपाईची जॅकेटविना प्रत काही हजार डॉलरना मिळते, आणि जॅकेटसकट असेल तर लिलावात तिची किंमत लाखावर डॉलर गेली आहे. एवढा फरक पडतो तो केवळ एका कागदामुळे.

ग्रंथालयांनीही हा कागद फारसा जपला नाही. पुस्तक टिकावं म्हणून वेष्टन काढून टाकायची रीत मोठमोठ्या ग्रंथालयांत होती. आपल्या गावोगावच्या वाचनालयांतही फाटू लागलेलं पुस्तक बांधणीला जातं आणि जाड पुठ्ठ्याला निळंकाळं कापड लावून, कण्यावर क्रमांक घालून परत येतं. पुस्तक वाचतं, चित्र जातं. त्याबरोबर त्या कादंबरीचा एक समकालीन वाचकही जातो, कारण मुखपृष्ठकार हा तिच्या पहिल्या वाचकांपैकी एक असतो आणि चित्र हे त्याने केलेलं वाचन असतं.

यावरचा उपाय अवघड नाही. बांधणीवाल्याला सांगून मूळ मुखपृष्ठ कापून आतल्या कोऱ्या पानावर चिकटवून घेता येतं, काही वाचनालयं तसं करतातही. बांधणीला देण्याआधी मोबाइलवर त्याचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवता येतो. आणि श्रेयपानावर बारीक अक्षरांत ‘मुखपृष्ठ’ असं लिहून त्यापुढे जे नाव छापलेलं असतं, त्याच्यासाठी वाचनालयाच्या दाखलनोंदीत लेखक, प्रकाशक आणि किमतीच्या शेजारी आणखी एक रकाना आखता येतो.